गोदाबाईंचं रांधणं

आपला स्वयंपाक बिघडला हे स्वतःहून शेजारणीला येऊन सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तिचं नाव गोदाबाई.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचे हे जंगल खात्यात कारकून होते आणि त्यांची बदली चांदा जिल्ह्यात आरमोरीला झाली. मी नागपूरची, नव्यानं संसार मांडलेली. आम्हांला मिळालं ते घर म्हणजे एकच कौलारू घर मधोमध कुडाची भिंत घालून दोन केलेलं होतं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला प्राथमिक शाळेतले दौलत मास्तर आणि त्यांची बायको गोदाबाई. ती भिंत चुलीपाशी छपरापर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे कोणाची फोडणी करपली, कोणाचं दूध उतू गेलं, ते दोन्ही घरांना सारखंच कळायचं.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी पेट्यासुद्धा उघडल्या नव्हत्या. तेवढ्यात उंच, हाडापेरानं मजबूत, जाडंभरडं खादीचं लुगडं नेसलेली एक बाई दोन झाकलेली ताटं घेऊन दारात उभी राहिली.

"वैनी, जेवून घ्या," ती म्हणाली. "पण आधीच सांगून ठेवते. भात गिच्च झाला हाये न वरण शिजलंच नाई. भाजी बरी हाये. भाजीपासून सुरुवात करा."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. भाताचा गोळा झाला होता, लाखोळीची डाळ दाताखाली कचकचत होती आणि वांग्याची भाजी खरंच चांगली होती. दुसऱ्या दिवशी ताटं परत द्यायला गेले तेव्हा मी रीतीप्रमाणे म्हटलं, "छान झालं होतं हो सगळं."

गोदाबाईंनी ताटं घेतली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी बी तसल्याच का?" त्या म्हणाल्या.

'तसल्याच' म्हणजे कोणासारख्या, ते मला पुढं कळलं.

गोदाबाई वर्ध्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. वडील माळकरी. घरात मांसमच्छीचं नाव नाही. स्वयंपाक भावजया करायच्या आणि ही पोरगी वडिलांबरोबर शेतात असायची. पुढं जवळच्या एका आश्रमात सूतकताई शिकवायला लागली, तिथं दौलत मास्तर शिक्षणाचा वर्ग करायला आले होते. दोघांनी एकमेकांना सुताचे हार घातले. मास्तर जातीनं ढिवर, तळ्यावर जाळं टाकणाऱ्या घरातले. लग्नाला वडील आले नाहीत. हे सगळं गोदाबाईंनी मला पहिल्या आठवड्यातच, भांडी घासता घासता, कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसं सांगून टाकलं.

त्यांना येत होतं ते दोनच प्रकारचं: ज्वारीची भाकर आणि चून, म्हणजे पिठलं. आरमोरीत दोन्ही वेळा भात. भात त्यांच्या माहेरी सणावारी व्हायचा. तेव्हा रोज संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला त्या भाताशी झगडायला बसत. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि जुना जास्त, हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तर म्हणाल्या, "थांबा, मले पाहू द्या." आणि दोन दिवस नव्या तांदळाची पेज आणि जुन्या तांदळाचे खडे करून त्यांनी ते स्वतः पाहिलं.

जेवणं आटोपली की आम्ही दोघी मागच्या अंगणात राख आणि तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, बोळा घेऊन बसायचो. गोदाबाईंचं निवेदन तिथं चाले. "आज अंबाडी जमली. कण्या जास्त पडल्या, पण चालून गेलं." "आज भाकर फाटली." "आज काहीच नाई जमलं, वैनी. ते खाऊन राह्यले होते तं मलेच वाईट वाटत होतं." त्यात लाज नसे, तक्रारही नसे. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलत.

अडचण होती ती मास्तरांची. दौलत मास्तर बारीक अंगाचे, हळू बोलणारे, पोरांवर कधी हात न उगारणारे. पानात काहीही पडलं तरी ते खाली मान घालून जेवत आणि उठताना म्हणत, "चांगलं हाये." गिच्च भात चांगला, कच्चं वरण चांगलं, करपलेली भाकर चांगली. त्यांचा हा शब्द भिंतीवरून आमच्याकडे येई आणि पाठोपाठ गोदाबाईंनी भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज येई.

श्रावणातली गोष्ट. विहिरीच्या पाटाशी कोचई, म्हणजे आपला अळू, माजला होता. गोदाबाईंनी पानं आणून वड्या केल्या. घरातली चिंच संपली होती आणि अंगणातल्या झाडाला अजून धरली नव्हती, तर तशाच केल्या, आणि जवसाच्या तेलात खरपूस तळल्या. दिसायला सुरेख. एकादशी असल्यामुळे त्यांचा उपास होता, माझाही होता, आणि आमचे हे दौऱ्यावर. म्हणून वड्या एकट्या मास्तरांच्या पानात पडल्या. त्यांनी ताटभर वड्या खाल्ल्या आणि म्हणाले, "चांगलं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा आवाज बसला. नुसता बसला नाही, गेलाच. शाळेत दिवसभर ते फळ्यावर लिहीत होते आणि पोरं न सांगता गप्प बसली होती. मास्तर बोलत नाहीत म्हणजे घरात कोणीतरी गेलं असणार, असं पोरांना वाटलं, हे मागाहून कळलं. संध्याकाळी गोदाबाईंनी उरलेली वडी तोंडात टाकली. मग त्या वडी हातात धरून तशाच अंगणात आल्या. मास्तर बाजेवर बसले होते.

"घसा एवढा खाजत होता तं सांगितलं काऊन नाई?"

मास्तरांनी शेजारी पडलेली एक पाटी उचलली, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि बायकोपुढं धरली. मी दारातून वाचलं. 'चांगलं होतं.'

मला हसू आवरेना. गोदाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं ती पाटी पुसली, परत बाजेवर ठेवली आणि आत गेल्या. भांडी घासताना त्यांनी एकच पातेलं तीनदा घासलं. मग म्हणाल्या, "वैनी, हा माणूस मले घाबरते का माझी कीव करते, मले समजूनच नाई राह्यलं."

मास्तरांच्या आईला सगळे फुलामाय म्हणत. तिचं गाव चार-सहा कोसांवर, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन आरमोरीला येई आणि टोपली रिकामी झाली की मुलाकडे डोकावे. ओट्यावर बसे, सुनेनं दिलेलं पाणी पिई, वाढलं तर वरणभात खाई आणि जाई. सुनेशी बोलायची नाही असं नाही, पण तिच्याकडे बघून बोलायची नाही. गोदाबाई समजून चालल्या होत्या की हे जातीचं असेल, हळूहळू जाईल.

पाऊस सरता सरता एका बाजाराच्या दिवशी फुलामाय सकाळीच आली. टोपलीत पळसाच्या पानांखाली एकच मासा होता, हातभर लांबीची मरळ, अजून हलणारी. शाळेला निघालेल्या मास्तरांपुढं तिनं टोपली ठेवली.

"विकाले नाई काढली," ती म्हणाली. "तुझ्यासाठी ठेवली. लहानपणी मरळीसाठी कसा रडत होतास."

मास्तरांनी हात जोडले. "माय, मी सोडलं ना. किती डाव सांगू?"

"सोडलं, का सोडाले लावलं?" म्हातारीनं विचारलं. विचारलं मुलाला, पण बघितलं त्याच्या खांद्यावरून आत, चुलीपाशी बसलेल्या सुनेकडे.

मास्तरांनी जोडलेले हात खाली घेतले. खाली मान घालून उभे राहिले. म्हातारीनं टोपली उचलली, ओटा ओलांडून माझ्या दारात आली आणि मासा माझ्या उंबऱ्यावर ठेवला.

"तुमी तं खाता ना, बाई? घ्या. मी माघारी नेत नाई."

आणि पाणीसुद्धा न घेता ती निघून गेली.

त्या संध्याकाळी मी मरळीचा रस्सा केला. दारात आलेला जिता मासा फेकून थोडाच देणार? शेजारच्या हवालदाराच्या बायकोनं साफ करून दिला, मी वाटण घालून शिजवला. वास भिंतीवरून पलीकडे जाणार हे दिसतच होतं, पण त्याला उपाय नव्हता. मास्तर शाळेतून आले ते घरात शिरलेच नाहीत. अंगणाच्या पार टोकाला, चिंचेखाली पाट्या तपासत बसले.

मग भिंतीपलीकडे मी जे ऐकलं, ते त्या दोघांचं माझ्या कानावर पडलेलं पहिलं भांडण. मास्तर जेवायला आत आले आणि गोदाबाईंनी ताट वाढलंच नाही.

"मासे सोडाले कोणी सांगितले होते तुमाले?"

"कोणी नाई. माझं मीच सोडलं."

"काऊन?"

"तुझ्या घरी चालत नाई म्हणून."

"माझ्या घरी? मंग हे घर कोणाचं हाये? मी कधी म्हटलं, सोडा म्हणून? एक डाव तरी विचारलं मले?"

मास्तरांनी पाट मागं सरकवल्याचा आवाज आला.

"तुमी सोडलं न नाव माझं झालं," गोदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. "ती बाई समजते, मी तिच्या पोराले तोडलं. दोन वर्सं मी तिले पाणी देऊन राह्यली न ती खाली पाहून पिऊन राह्यली. मले वाटे, जातीचं असन. आज समजलं. न आज बी तुमी तिच्यापुढं तोंड उघडलं नाई. पाट्या पाहून राह्यले होते ना चिंचेखाली? तुमचा एक डोळा पाटीवर नोता. वैनीच्या चुलीकडे होता."

त्यानंतर फुलामाय मुलाच्या घरी आली नाही. बाजारात बसे, पण सून समोर दिसली की तोंड फिरवी. कोळणींमध्ये बोललं जाऊ लागलं की मास्तराला आता आईच्या हातचं चालत नाही, शिकून मोठा झाला. मास्तर दोनदा गावी जाऊन आले. आईनं जेवू घातलं, पण बोलली नाही. वाढलं काय, तर वरणभात.

एका बाजाराच्या दिवशी गोदाबाई पिशवी लपवल्यासारखी धरून आल्या. सासूच्या नजरेला न पडता बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडून त्यांनी रोहू आणला होता. मी भिंतीवरून म्हटलं, "साफ करून आणू का कोणाकडून?"

"नको, वैनी. बिघडलं तं माझ्याच हातानं बिघडू द्या."

पलीकडे काय काय चाललं ते मी आवाजावरून ओळखत होते. मध्येच त्या बाहेर येऊन उभ्या राहत, मोठा श्वास घेत आणि परत आत जात. शेवटी फोडणी बसली. मास्तर आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. ताट सरकवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मी इकडे पीठ मळत होते ते थांबले. आता मास्तर 'चांगलं हाये' म्हणणार आणि गोदाबाई ताट उचलून अंगणात फेकणार, याबद्दल मला शंका नव्हती.

"गोदा," मास्तर म्हणाले, "कडू झालं. पित्त फुटलं हाये आतमंदी."

मग गोदाबाई हसायला लागल्या. इतक्या मोठ्यानं हसल्या की आमच्या ह्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, काय झालं. आणि मास्तर, ज्यांचं दोन वाक्यांपुढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं, ते सांगायला लागले की मासा पोटाशी कसा फाडायचा, पित्ताची पिशवी बोटानं अलगद कशी सोडवायची, आणि रस्सा एवढा दाट कशाला केलास, आमच्याकडे पातळ असते. जेवण काही झालं नाही त्या दिवशी. दोघं चून-भात खाऊन उठली. भांडी घासताना गोदाबाईंचा चेहरा सणासारखा होता.

"आज पहिल्यांदा मले नाव ठेवलं, वैनी," त्या म्हणाल्या. "आता रांधाले बरं वाटन."

पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होणारं नव्हतं. पुढच्या रविवारी मास्तरांना घरी ठेवून त्या एकट्याच बैलगाडीनं सासूच्या गावी गेल्या. तिथं काय झालं ते मला फुलामायनं स्वतः सांगितलं, पुढं आमची ओळख वाढल्यावर.

ती पाळीवर मासे निवडत बसली होती. सून समोर येऊन बसली आणि म्हणाली, मले शिकवा.

"मी म्हटलं, तू खात नाईस, शिकून का करशीन? तं म्हणते, तुमच्या पोराले घालीन. मी म्हटलं, तो तं सोडून बसला. तं म्हणते, त्यानं मले न विचारता सोडलं, मी त्याले न विचारता धरवते." फुलामाय सांगताना तंबाखू चोळत होती. "मंग मी तिच्या हातात एक मासा देला न राख देली. खवले काढले तिनं. पोट फाडलं, न तशीच उठून झुडपामागं गेली. ओकून राह्यली होती, बाई. मले आवाज आला. मी म्हटलं, आता नाई येत ही. तं तोंड धुऊन आली न परत बसली, न म्हणते, पुढं का करायचं? मंग मी का बोलू? मी पुढचं सांगितलं."

त्यानंतर आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी पलीकडे मासे शिजू लागले. कोपऱ्यात वेगळी चूल, वेगळं मडकं, वेगळा चाटू. त्याच्या शेजारी नेहमीच्या चुलीवर गोदाबाईंचं चून आणि भाकर. दोघं जेवायला मात्र एकाच वेळी बसत. त्या स्वतः कधी मासा तोंडात घालत नसत, त्यामुळे मीठ-तिखटाचा अंदाज त्यांना वासावरून आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघून घ्यावा लागे. झिंगे सुरुवातीला रबरासारखे व्हायचे, कारण शिजले की नाही हे न कळून त्या उकळतच ठेवत. मास्तर आता धडाधड नावं ठेवत. "आंबट जास्त झालं." "तिखट कुठी हाये यात?" दोघांचे वाद भिंतीवरून ऐकू येत आणि आमच्या ह्यांना वाटे, शेजारी रोज भांडतात. मी म्हणे, भांडत नाहीत, जेवताहेत.

फुलामाय पुन्हा यायला लागली. आली की पहिल्यांदा मडक्यावरचं झाकण काढून बघे. एकदा तिनं सुनेच्या हातचा रस्सा भाताबरोबर खाल्ला, बोटं चाटली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या लेकीपक्षा बरं रांधते ही." लेक तिला नव्हती, हे मला ठाऊक होतं. गोदाबाईंना तर होतंच. पण त्या आणखी भात वाढायला उठल्या.

पुढच्या उन्हाळ्यात गोदाबाईंचे वडील आले. लग्नानंतर पहिल्यांदा. येणार असल्याचा निरोप दोन दिवस आधी आला होता आणि त्यांचा यायचा दिवस नेमका मास्तरांचा माशाचा दिवस होता. मी म्हटलं, "आजचा दिवस राहू द्या ना. मडकं आमच्याकडे ठेवा. कशाला त्यांना दुखवायचं?"

गोदाबाईंनी बराच विचार केला. "नाई, वैनी," त्या म्हणाल्या. "आज लपवलं तं जलमभर लपवा लागन."

त्यांनी अंगणात तीन दगड मांडून नवी चूल केली, नवं मडकं आणलं, शेणानं जागा सारवली. वडील आले. त्याच बांध्याचे, उंच, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. त्यांना चिंचेखाली बाज टाकून दिली आणि गोदाबाई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "बाबा, आत मासे शिजतेत. ते ह्यांच्यासाठी. मी शिवते, पण खात नाई. तुमचं इथी बाहेर, नव्या मडक्यात. तुमाले चालन तं रांधते."

म्हातारा उठून जाईल असं मला वाटलं. तो उठलाही. अंगणाच्या फाटकापर्यंत गेला, तिथं रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. गोदाबाई त्याच्या मागं गेल्या नाहीत. त्या चुलीपाशी बसल्या, पीठ काढलं आणि भाकरी थापायला लागल्या. मास्तर ओट्यावर बसले होते, तेही हलले नाहीत. पहिली भाकर तव्यावर पडली, उलटली, निखाऱ्यावर फुगली. मग दुसरी.

म्हातारा परत येऊन बाजेवर बसला. "पाणी दे," म्हणाला. पाणी प्यायला. दोन भाकरी आणि चून खाल्लं. मुलीशी शेताबद्दल बोलला, जावयाशी एक शब्द बोलला नाही, आणि ऊन उतरल्यावर गाडी धरून गेला. पुन्हा आला की नाही, मला माहीत नाही. आम्ही होतो तोवर आला नाही. त्या रात्री भांडी घासताना गोदाबाई म्हणाल्या, "भाकर जमली होती आज." आणि मग पदर डोळ्यांना लावून बसून राहिल्या. मी त्यांची भांडी घासली.

त्यानंतर वर्षभरातच आमची बदली गडचिरोलीकडे झाली. निघायच्या दिवशी पलीकडच्या घराला कुलूप होतं. दिवाळीची सुट्टी लागलेली, दोघं फुलामायच्या गावी गेलेली. निरोप आधीच घेऊन झाला होता, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. सामान दोन बैलगाड्यांत भरलं आणि आम्ही दुपारी निघालो.

ते गाव वाटेवरच लागत होतं. ऊन कलतं झालं होतं. रस्ता तळ्याच्या पाळीखालून जात होता आणि पाण्याच्या कडेला बायका मासे साफ करत बसल्या होत्या. त्यांत एक खादीचं लुगडं दिसलं. मी गाडीवानाला गाडी थांबवायला सांगितली.

गोदाबाई उकिडव्या बसल्या होत्या. पदर नाकावरून घट्ट बांधलेला, तोंड पूर्ण बाजूला वळवलेलं, डोळे मिटलेले. हात तेवढे पुढं होते. त्यांनी मासा न बघता उचलला, पोटाशी फाडला, बोट आत घालून काहीतरी अलगद सोडवून बाजूला टाकलं आणि मासा पाण्यात खळखळून फुलामायच्या टोपलीत ठेवला. मग दुसरा उचलला. फुलामाय त्यांच्या शेजारी बसून काहीतरी लांबलचक सांगत होती आणि गोदाबाई डोळे मिटल्या मिटल्याच मान हलवत होत्या. मास्तर थोडे वर, पाळीवर बसून जाळं दुरुस्त करत होते.

हाक मारावी म्हणून मी गाडीतून वाकले. पण त्यांच्या हातात तेव्हा मासा अर्धा फाडलेला होता आणि हाकेनं त्यांचे डोळे उघडले असते. मी गाडीवानाला म्हटलं, चल.